दोन कार्बुरेटरांचा मेळ : जुन्या राजदूत ३५० ची हरवलेली ताकद परत कशी आणावी?

दुचाकी दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंकडे अलीकडे एक निराळ्याच प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. हे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही, घाई करीत नाही, गाडी महिनाभर ठेवून घेतली तरी तक्रार करीत नाही. त्याची गाडी मात्र पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते. वडिलांची किंवा मामाची, कोठारातून बाहेर काढलेली. आणि त्याचे म्हणणे एकच असते : "उस्ताद, गाडी चालू होते, पण खेचत नाही. पूर्वीचा दम राहिला नाही."

अशा गाड्यांमध्ये सर्वांत कठीण परीक्षा घेते ती राजदूत ३५०. यामाहाची आर.डी. ३५० एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये आपल्या देशात आणली आणि सुमारे सात वर्षांत तिचे उत्पादन थांबले. दोन सिलिंडर, ३४७ सी.सी., टू-स्ट्रोक, सहा गिअर. आधी आली ती साडेतीस अश्वशक्तीची 'हाय टॉर्क', नंतर पेट्रोल वाचावे म्हणून सत्तावीस अश्वशक्तीची 'लो टॉर्क'. त्या काळी ही गाडी महाग आणि पेट्रोल पिणारी म्हणून लोकांनी नाकारली. आज तीच गाडी लोक शोधत फिरतात. गाडी दारात आली की प्रथम ती यांपैकी कोणती आहे हे पाहून घ्यावे. लो टॉर्क गाडीच्या मालकाला हाय टॉर्कची ताकद 'परत आणून' देण्याचे वचन देऊ नये. जे तिच्यात कधी नव्हते, ते परत कोठून येणार?

पहिला धडा असा की कार्बुरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. आमच्याकडे उलटे चालते. गाडी आली की पोऱ्या प्रथम एअर स्क्रू फिरवतो, आवाज जरा सुधारला की बिल होते. आठ दिवसांत गाडी परत. कार्बुरेटर हवा आणि पेट्रोल मोजून देतो, इतकेच. दाब जात असेल, ठिणगी चुकीच्या वेळी पडत असेल, धुराची वाट बंद असेल किंवा चोरवाटेने हवा आत येत असेल, तर तो बिचारा काय करणार?

हे आम्ही पुस्तक वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक गाडी आली. मालक तरुण होता, गाडी त्याच्या मरहूम वडिलांची. डाव्या सिलिंडरचा प्लग पांढराफट्ट, उजव्याचा विटकरी. आम्हाला वाटले, डावीकडे पेट्रोल कमी जाते. डाव्या कार्बुरेटरची मेन जेट दोन नंबर मोठी केली. प्लगला थोडा रंग आला, आम्ही खूश झालो. एक खूण मात्र नजरेआड केली : ॲक्सिलेटर सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नव्हता, क्षणभर वरच लटकत होता. गाडी दिली. खंडाळ्याच्या घाटात चढावर डावा पिस्टन जाम झाला. मागचे चाक आवळले गेले, पण मुलाने प्रसंग ओळखून क्लच दाबला म्हणून निभावले. इंजिन उघडल्यावर कळले की डाव्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झाले होते आणि तेथून हवा ओढली जात होती. सिलिंडर आधीच शेवटच्या मापाला बोअर झालेले होते. नवी स्लीव्ह घातली, पिस्टन शोधायला कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत फिरलो, आणि तो सगळा खर्च आम्ही सोसला. सोसायलाच हवा होता, चूक आमची होती. पंधराशेच्या कामात कित्येक पटींचा तोटा झाला.

या गाडीत चुकीची किंमत अशी असते. पिस्टन जाम होतो तेव्हा केवळ एक पिस्टन जात नाही, सिलिंडरचे एक माप जाते. पाव-पाव मिलिमीटरने चार वेळा बोअर करता येते. त्यानंतर स्लीव्ह किंवा भंगार. कारखाना कधीच बंद झाला, नवे सिलिंडर येणार नाही. असो.

आता क्रमाने पाहू. गाडी उघडण्यापूर्वी पाच मिनिटे अशा गोष्टींना द्यावीत ज्या इंजिनात नसतातच. दोन्ही चाके उचलून फिरवून पाहा, ब्रेक लागत आहेत काय? क्लच सटकतो काय? पेट्रोल टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद आहे काय? ते बंद असले तर गाडी दोन-तीन किलोमीटर छान धावते आणि मग उपाशी मरते. कॉकमधून पेट्रोल मोकळ्या धारेने येते काय? आणि एक मौजेची गोष्ट : ॲक्सिलेटर पूर्ण पिळल्यावर कार्बुरेटरच्या स्लाइड खरोखरच पूर्ण उघडतात काय? एअर फिल्टरची रबरे मागे सारून आत बोट घालून पाहावे. दुसऱ्याच गाडीची केबल बसवलेली असली की स्लाइड पाऊण भागापर्यंतच वर येते. 'ताकद गेली' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काही आम्ही एवढ्यावरच बऱ्या करून पाठवल्या आहेत.

त्यानंतर दाब. दोन्ही प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून, गेज लावून किक माराव्यात. किती पौंड दाखवतो यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत फरक किती, हे महत्त्वाचे. दहा टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेता येतो. त्याहून अधिक असेल तर रिंग, पिस्टन आणि बोअर पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. एक सिलिंडर दमदार आणि एक दुबळा असताना दोन कार्बुरेटरांचा मेळ बसवणे म्हणजे लंगड्या बैलाबरोबर चांगला बैल जुंपून नांगर सरळ चालण्याची वाट पाहणे. बोअर करण्याची पाळी आलीच तर पिस्टन आधी हातात घ्यावा, मग लेथवाल्याकडे जावे. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्या पिस्टनप्रमाणे ते सिलिंडर करायचे असते. डब्यावर छापलेल्या मापावर विसंबू नये, विशेषतः नकली मालात.

टू-स्ट्रोक गाडीची निम्मी ताकद धुराच्या वाटेत अडकते. तेल जळून झालेला काजळीचा थर एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या आतल्या बॅफलमध्ये बसतो. पोर्टमधला थर पिस्टन खाली असताना लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने खरवडावा, स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे. बॅफल मागून बाहेर निघतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला की सकाळी स्वच्छ होतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावे, पोऱ्यावर सोपवू नये. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. शिवाय त्या पाण्यात ॲल्युमिनियमचा कोणताही भाग टाकू नये. एका रात्रीत त्याची चाळण होते.

मग ठिणगी. या गाडीला पॉइंटचे दोन जोड आणि दोन कॉइल आहेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग स्वतंत्र. पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मि.मी. ठेवावी. पिस्टन वर पोहोचण्याच्या २ मि.मी. आधी पॉइंट उघडायला हवेत. प्लगच्या भोकात डायल गेज लावून हे मोजावे. पॉइंट कधी उघडतात हे पाहण्यासाठी छोटा बल्ब पुरतो. अंदाजाने, जिभेवर बोट ठेवून केलेले टायमिंग या गाडीला चालत नाही. डाव्याला २ आणि उजव्याला २.५ झाले तर उजवा पिस्टन तापतो आणि कार्बुरेटर कितीही जुळवा, गाडी एका कुशीवर ओढल्यासारखी वाटते. येथे एक बारकावा आहे. फट नीट लावूनही दर वेळी मोजल्यावर निराळी येत असेल, तर दोष पॉइंटमध्ये नाही, क्रँकच्या डाव्या बेअरिंगमध्ये आहे. क्रँक हलतो, म्हणून पॉइंटची फट हलते. हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगावे. खर्च मोठा असतो आणि तो ऐनवेळी सांगितला की मने दुखावतात.

चौथी गोष्ट चोरवाटेची हवा, जिने आम्हाला घाटात धडा शिकवला. क्रँकच्या डाव्या टोकाला, म्हणजे डायनमोच्या बाजूला एक सील आहे आणि उजव्या टोकाला, क्लचच्या बाजूला दुसरे. उजवे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढते, पांढरा धूर निघतो आणि गिअरचे तेल कमी होत जाते. हा दोष स्वतःच ओरडून सांगतो. डावे सील मात्र गुपचूप मारते. तेथून नुसती हवा येते, धूर नाही, वास नाही. मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि एके दिवशी जाम होतो. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधली रबरे तडकली, किंवा दोन बाजूंना जोडणाऱ्या बारीक नळ्या सैल झाल्या, तरी परिणाम तोच.

याची खात्री करण्याची रीत सोपी आहे. कार्बुरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही वाटा रबराच्या बुचांनी घट्ट बंद कराव्यात. एका बुचातून सायकलच्या ट्यूबचा वाल्व्ह काढावा, हवेचा छोटा गेज जोडावा आणि हातपंपाने सहा पौंड दाब भरावा. त्याहून अधिक नको, सील उलटतात. दाब मिनिटाला एका पौंडाहून जास्त उतरता कामा नये. उतरला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. सगळे सामान घरी बनवता येते. आमच्या मते आजच्या घडीला प्रत्येक टू-स्ट्रोक मिस्त्रीने हे उपकरण भिंतीवर टांगलेले असावे. पंधरा-वीस वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत सील वाळलेलेच असतात, असे समजून चालावे.

कार्बुरेटर काढले आहेत तर त्यांच्यामागची रीड वाल्व्हही पाहून घ्यावी. पोलादी पाती उजेडाकडे धरून पाहावीत. टोक तुटलेले किंवा फट पडलेली असेल तर किक मारल्यावर पेट्रोलचे फवारे मागे येतात आणि खालच्या स्पीडला गाडी अडखळते. तुटलेला तुकडा कोठे गेला, हा प्रश्नही स्वतःला विचारावा.

आता कुठे कार्बुरेटरची पाळी आली. आधी सफाई. उभ्या गाडीत पेट्रोल वाळून त्याचा चिकट लेप होतो आणि तो नेमका पाइलट जेटच्या केसाएवढ्या छिद्रात बसतो. त्यात तार घालण्याचा मोह आवरावा. पितळ मऊ असते. तारेने छिद्र एकदा मोठे झाले की जेटवरचा नंबर खोटा ठरतो. कार्बुरेटर क्लीनरमध्ये भिजवावे, हवेचा झोत मारावा, फारच हट्टी असेल तर मासेमारीच्या नायलॉनचा बारीक तंतू वापरावा. पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखी हवी. एका बाजूला पेट्रोल दोन मिलिमीटर वर राहिले तर ती बाजू सर्व स्पीडला जड चालते आणि मिस्त्री जेट बदलत बसतो.

कोणता भाग केव्हा काम करतो, हे शागीर्दांना पाठ करून द्यावे. ॲक्सिलेटर बंद ते आठवा भाग उघडा, येथवर पाइलट जेट आणि एअर स्क्रू यांचे राज्य. आठवा ते पाव भाग स्लाइडच्या कापाचे. पाव ते पाऊण भाग सुईचे. पाऊणच्या पुढे मेन जेटचे. गिऱ्हाईक म्हणाले की "चाळीसवर नाचते, पण वर छान पळते", तर मेन जेटला हात लावण्याचे कारण नाही. त्याने ॲक्सिलेटर किती पिळलेले असते, हे विचारावे. स्पीड किती हा प्रश्न फसवा आहे. ॲक्सिलेटरच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून स्वतः एक फेरी मारावी. अर्धे निदान तेथेच होते.

नव्या नकली सुया आणि नीडल जेट यांबद्दल सावध राहावे. सुई झिजली की मधल्या टप्प्यात पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे होतात. पण बदललेली नवी जोडी मूळ मापाची नसेल तर आगीतून फुफाट्यात. जुनी, कमी झिजलेली अस्सल जोडी नव्या नकलीपेक्षा बरी, असे आमचे मत आहे.

मेळ बसवताना इंजिन गरम असावे आणि एअर फिल्टर जागेवर. फिल्टर काढून ट्युनिंग करणे आणि मग फिल्टर लावून गाडी देणे म्हणजे वजन एका काट्यावर आणि पैसे दुसऱ्या. दोन्ही केबलना स्लाइडपाशी मिलिमीटरभर ढील ठेवावी. दोन्ही एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढावेत. हा स्क्रू हवेचा आहे. आत गेला की पेट्रोल वाढते, बाहेर आला की कमी होते. मग एका सिलिंडरची प्लग-टोपी काढून ती वेगळ्या प्लगला लावावी आणि तो प्लग इंजिनाला टेकवून ठेवावा, नाहीतर कॉइल जाते. एकाच सिलिंडरवर इंजिन जेमतेम चालेल इतका आयडल स्क्रू लावावा. एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आतबाहेर करून आवाज जेथे सर्वांत चढा आणि स्वच्छ येतो तेथे ठेवावा. तेच दुसऱ्या बाजूला. दोन्ही सिलिंडर एकेकटे सारख्याच आवाजात चालले पाहिजेत. दोन्ही जोडल्यावर आवाज बराच वाढतो, तेव्हा दोन्ही आयडल स्क्रू सारखेच मागे घ्यावेत. दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडाशी तळहात धरले की ठोके सारखे लागतात की नाही, हे हाताला कळते.

हा आयडलचा मेळ झाला. ताकदीचा मेळ स्लाइड उचलण्यात आहे. इंजिन बंद करून फिल्टरची रबरे सरकवावीत, दोन्ही तोंडांत एकेक बोट स्लाइडला टेकवावे आणि साथीदाराला ॲक्सिलेटर अगदी सावकाश पिळायला सांगावे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. बोटाचा भरवसा नसेल तर एकाच मापाचे दोन ड्रिल बिट स्लाइडखाली धरावेत. दोन्ही एकाच वेळी सुटले की मेळ बसला. फरक केबलच्या ॲडजस्टरने काढावा, आयडल स्क्रूने नव्हे.

आणि येथेच बरेच जण थांबतात. त्याच केबलची तिसरी शाखा तेलाच्या पंपाकडे जाते. कार्बुरेटर जुळवताना केबलची लांबी बदलली म्हणजे पंपाची चाल बदलली. स्लाइडचा मेळ झाल्यावर पंपाच्या चाकावरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी येते की नाही हे पाहिलेच पाहिजे. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा दिसला तर तो काढल्याशिवाय गाडी हलवू नये. कित्येक मालकांनी पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची पद्धत धरलेली असते. त्यात वाईट काही नाही, पण जेटमधून आता पेट्रोलऐवजी काही अंशी तेल जाते, म्हणजे तितके पेट्रोल कमी, हे लक्षात घेऊन जेट निवडावी.

शेवटी प्लगची परीक्षा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलेटरवर थोडे अंतर जाऊन एकदम क्लच दाबावा, इंजिन बंद करावे आणि प्लग पाहावेत. पण जुन्या तक्त्यातला 'कॉफीसारखा तपकिरी' रंग आता शोधू नये. ते तक्ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात ते पेट्रोल बंद झाले आणि प्लग फिके दिसू लागले. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीचा वरचा भाग आता फिकाच राहतो. अगदी आत, मुळाशी काजळीची पुसट कडी दिसली तर मिश्रण ठीक समजावे. कडीच नाही आणि टोकावर चमकते ठिपके दिसले, तर तो ॲल्युमिनियमचा अंश आहे, पिस्टन वितळू लागला आहे.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्याच जेटवर गाडी सुमारे आठ टक्के पातळ मिश्रणावर चालते. पिढ्यान् पिढ्या चाललेला 'कंपनीचा नंबर' आज धोक्याचा ठरू शकतो. शंभर नंबरची मेन जेट असेल तर आधी ११० लावून सुरुवात करावी आणि प्लग पाहत खाली यावे. लहान जेटवरून वर जाऊ नये. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मधला टप्पाही सुधारतो. जड मिश्रणाने प्लग काळे होतील, तो धुऊन निघतो. पातळ मिश्रणाने गेलेले सिलिंडर परत येत नाही.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसते आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या फ्लोट-वाटीत पांढरी भुकटी धरते. जुनी रबरे, कॉकचे वायसर, नळ्या फुगतात. काम करताना ही सगळी रबरे इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घालावीत आणि तशी बिलावर नोंद करावी. टाकीला आतून जुना लेप दिलेला असेल तर तो सुटून कार्बुरेटरमध्ये येतो. अशी टाकी आधी साफ करावी, मगच जेटला हात लावावा.

गाडी देताना आम्ही मालकाला एक कागद देतो. त्यावर दोन्ही बाजूंचा दाब, पॉइंटची फट, टायमिंग, पाइलट आणि मेन जेटचे नंबर, सुईची खाच, एअर स्क्रूचे फेरे, आणि सिलिंडर कोणत्या मापाला बोअर आहे ते लिहिलेले असते. त्याचीच नक्कल आमच्या वहीत. सहा महिन्यांनी तीच गाडी परत आली की काय बदलले ते दोन मिनिटांत कळते, आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी हात लावला असेल तर तेही. पंधरा दिवसांहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाट्या रिकाम्या होतात, असेही त्याच कागदावर लिहितो. इंजिन मंद गतीवरच ठेवावे आणि अडखळू लागताच किल्ली फिरवावी, ॲक्सिलेटर पिळू नये. शेवटच्या थेंबांवर मिश्रण पातळ होते आणि पिस्टनवर तेही बेतू शकते.